उरलेला रंग

“मृतांचा सन्मान हा कोणत्याही सुसंस्कृत समाजाचा पाया होय,” असं दोषारोपपत्राच्या मसुद्यातलं पहिलं वाक्य पीएसआय श्वेता डोंगरे यांनी मोठ्याने वाचून दाखवलं, आणि पान उलटण्याआधी डोक्यावरची टोपी काढून शेजारी भिंतीला टेकवलेल्या क्रूसाच्या आडव्या फळीला अडकवली.

सहायक सरकारी वकील चंद्रप्रकाश तिर्लोटकर यांनी टोपीकडे पाहिलं. अंधेरीच्या कोर्टातली त्यांची खोली एवढी चिंचोळी होती की टोपी अडकवायला तिथे दुसरी जागाच नव्हती.

क्रूस लाकडी, कमरेइतका उंच. अंगभर गडद निळा, मधोमध नारिंगी पट्टा, तिन्ही टोकांना पांढरा रंग. रंग देणाऱ्याचा हात सफाईदार होता. कुठे ओघळ नव्हता. क्रूसाच्या गळ्यात सुतळीने पुठ्ठ्याचं लेबल बांधलं होतं. त्यावर गुन्ह्याचा नंबर, मुद्देमालाचा नंबर आणि दोन पंचांच्या सह्या होत्या. डोंगरे मॅडमनी तो सकाळी कोर्टात जमा करायला आणला होता. पण दोषारोपपत्र आल्याशिवाय मुद्देमाल घेणार नाही, असं तिथल्या कारकुनाने सांगितलं. म्हणून आता तो संध्याकाळी जीपमध्ये आडवा होऊन पुन्हा पोलीस ठाण्यात जाणार होता.

प्रकरण साधं होतं. अंधेरी पश्चिमेच्या टोकाला, खाडीलगत एक जुनं गाव आहे. नाव न घेतलेलं बरं; गावातल्या दोन्ही समाजांची तशी विनंती आहे. निम्मे कोळी एकवीरेचे, निम्मे मेरीमातेचे, आणि दोघांच्याही म्हावऱ्याची, म्हणजे मासळीची, गिऱ्हाइकं तीच. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी धाकू रामा कोळी, वय अडुसष्ट, हा चर्चमागच्या दफनभूमीत शिरला. सोबत रंगाचे तीन डबे, एक ब्रश आणि देशी दारूची एक छोटी बाटली. त्याने कबर क्रमांक एकशे चौदावरचा काळा क्रूस रंगवला, थोडी दारू कबरीवर ओतली, थोडी स्वतः घेतली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी रंगवलेल्या क्रूसाचा फोटो चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत ठाण्यासमोर सत्तर माणसं जमली. पंचनाम्यात नारिंगी पट्ट्याचा ‘भगवा’ झाला, आणि त्या एका शब्दावर तीन कलमं उभी राहिली: धार्मिक स्थळाची विटंबना, दुष्ट हेतूने धर्मभावना दुखावणे, दफनभूमीत अतिक्रमण. शेवटी, राहून जायला नको म्हणून, मालमत्तेचं नुकसान.

धाकूला अटक झाली. तिसऱ्या दिवशी जामीन मिळाला, पण पुढील आदेशापर्यंत गावात पाऊल ठेवायचं नाही, या अटीवर. तेव्हापासून तो मरोळला, मुलीकडे, चौथ्या मजल्यावर राहत होता. मरोळला सुकी मासळी मुबलक मिळते. समुद्र मिळत नाही.

दोन संघटनांनीही दखल घेतली होती. एकीने कडक कलमं लावा म्हणून निवेदन दिलं. दुसरी शाल-श्रीफळ घेऊन थेट मरोळला पोचली. क्रूसावर भगवा चढवल्याबद्दल सत्कार होता. धाकूने विचारलं, कशापायी. त्यांनी कारण सांगितलं. तो म्हणाला, “रंग उरला व्हता.” मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं आणि शाल परत नेली. नारळ तोवर फोडून झाला होता, म्हणून तो राहिला.

“तेवढी सही केलीत ना सर, की उद्याच दाखल करते,” डोंगरे मॅडम म्हणाल्या.

तिर्लोटकरांनी पेन उघडलं. सव्वीस वर्षांत त्यांनी ते अशा वेळी नेहमीच उघडलं होतं. ‘कागदपत्रे पाहिली. कलमे योग्य आहेत. दोषारोपपत्र दाखल करण्यास हरकत नाही.’ हे तीन वाक्यांचं मत त्यांनी आजवर काही हजार फायलींवर लिहिलं असेल. मध्यंतरी त्याचा रबरी शिक्काच करून घेतला होता, पण वरिष्ठांनी तो पदाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही म्हणून जमा करून घेतला. वाक्यं तीच हवीत, पण हाताने लिहिलेली हवीत, असा त्यांचा आग्रह होता.

कोणतं कलम लावावं, कोणतं गाळावं, याबद्दल सरकारी वकिलाला विवेकाधिकार असतो. तिर्लोटकरांनाही होता. तो त्यांच्या पार्ल्याच्या घरातल्या शोकेसमधल्या कपबशांच्या सेटसारखा होता. बॉम्बे डाइंगच्या गिरणीत राबलेल्या बापाने मुलगा वकील झाल्यावर कौतुकाने आणलेला तो सेट पाहुणे आले की काढायचा, असं ठरलं होतं. तसे पाहुणे कधी आले नाहीत. आता निवृत्तीला पाच महिने उरले होते आणि सेट शाबूत होता.

या वेळी अडचण एवढीच झाली, की कायदा नवा होता. जुलैपासून सगळ्या कलमांचे आकडे बदलले होते. जुनं दोनशे सत्त्याण्णव तिर्लोटकरांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. नवं तीनशे एक म्हणजे नेमकं तेच का, हे पाहायला त्यांना टेबलाच्या काचेखालचा तक्ता बघावा लागला, आणि तक्त्यावर विश्वास नव्हता म्हणून पुस्तक उघडावं लागलं. पुस्तक उघडलं म्हणून कलम वाचावं लागलं. गेल्या वीस वर्षांत त्यांनी एखादं कलम पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचण्याची ही पहिलीच वेळ असावी.

कलमात लिहिलं होतं, भावना दुखावण्याच्या उद्देशाने. किंवा, भावना दुखावतील याची जाणीव असताना.

त्यांनी पेन बंद केलं. “फाइल ठेवून जा,” ते म्हणाले.

“ठेवू?” डोंगरे मॅडमना वाटलं ऐकण्यात चूक झाली. पोलीस ठाण्यात तिर्लोटकर साहेबांची ख्याती ‘उभ्या उभ्या सही’ अशी होती. “सर, काही चुकलंय का?”

“वाचतो,” तिर्लोटकर म्हणाले. हे उत्तर त्यांनाही नवीन होतं.

ते बाहेर आले तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर धाकू बसला होता. पोलिसांनी त्याला त्या दिवशी नुसतं हजर राहायला सांगितलं होतं. शेजारी त्याची मुलगी जया होती. पस्तिशीची, मरोळच्या बाजारात सुकी मासळी विकणारी, त्यामुळे कोर्टातल्या कोणाच्याही आवाजाला न घाबरणारी. बापाच्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, पायांत चपला नव्हत्या. चपला त्याने बाकाखाली नीट जोडून ठेवल्या होत्या.

जयाने वकीलसाहेबांना ओळखलं आणि वाट अडवली. होडी बंदरात उभी आहे, हंगाम चाललाय, खलाशी दुसऱ्याकडे गेले, तळाला कालवं धरली असतील, हे सगळं तिने एका दमात सांगितलं. बाप घरात पंख्याखाली बसून भिंतीकडे बघतो. बिल्डिंगच्या गच्चीवर जाऊन पश्चिमेला तोंड करून उभा राहतो, म्हणून सोसायटीने गच्चीला कुलूप लावलं. “म्हातारा उडी मारील असं त्यांना वाटतंय,” ती म्हणाली. “तो वारा बघतो, साहेब. बाकी काय नाय.”

तिर्लोटकरांनी आपलं नेहमीचं उत्तर दिलं, की कायदा आपलं काम करील. आरोपीशी असं बोलत उभं राहणं बरं दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते वळले. तेव्हा धाकू पहिल्यांदा बोलला.

“साहेब, शिक्षा काय व्हायची ती होऊ द्या. मना येवढाच सांगा, इनासला कुठं ठेवलाय?”

तिर्लोटकरांना प्रश्न समजला नाही. फायलीत इनास नावाचा कोणी साक्षीदार नव्हता.

जयाने सांगितलं. इनास म्हणजे बापाचा भागीदार. ‘एकवीरा मारिया’ ही होडी दोघांची होती. दोघांच्याही आया हट्टी होत्या, म्हणून नाव असं जोडून ठेवावं लागलं. चाळीस वर्षं दर श्रावणात दोघं मिळून होडी रंगवायचे, आणि जो रंग उरेल त्याने इनासच्या घराचा दरवाजा रंगवायचे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर इनास गेला. मुलगा परदेशात, त्याने घर विकलं, दरवाजा गेला. रंग मात्र उरतच होता. तेव्हा धाकूने तो इनासच्या क्रूसाला लावला. त्या वर्षी लावला, पुढच्या वर्षीही लावला. यंदा लावला तर पोलीस आले.

“ते बोलले त्यो इनास नव्हता,” धाकू म्हणाला. “कोण बाई व्हती. मना वाचता येत नाय, काला क्रूस बघून वाटला नवीन बसवला आसल. मी नळापासून मोजून गेलतो. तिसरी लायन, पाचवा. तितंच गारलेला त्याला, मीच खांदा दिलता. मेलेला मानूस उठून जातो कुठं?”

तिर्लोटकर म्हणाले, चौकशी करतो. हे वाक्य त्यांनी सव्वीस वर्षं लोकांना वाटेला लावण्यासाठी वापरलं होतं, आणि आताही त्यांचा हेतू साधारण तोच होता.

घरी त्यांनी लॅपटॉपवर दफनभूमीच्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. चाळीस मिनिटांचं होतं. आवाज नव्हता. एक म्हातारा उकिडवा बसून लाकडाला रंग देतो, मधे मागे सरकून डोळे बारीक करून बघतो, पुन्हा देतो. बायको प्रेमा ताट वाढून दोनदा हाक मारून गेली. तिसऱ्यांदा तिने पाठीमागे उभं राहून थोडा वेळ पाहिलं आणि माहेरच्या मालवणीत विचारलं, “सव्वीस वर्सां सयो करीत इलास, आता ह्याच कागदार तुमचो हात कित्याक अडलो?”

“तू नीट बघ,” तिर्लोटकर म्हणाले आणि चित्रण पहिल्यापासून लावलं.

फाटकापाशी धाकू थांबतो. डबे खाली ठेवतो. चपला काढतो, वाकून भिंतीशी जोडून ठेवतो. मग डबे उचलतो आणि आत जातो. त्याच्या आधी आणि नंतर पाच-सहा माणसं त्याच फाटकातून येऊन गेली होती. सगळी बुटांसकट. तो त्यांचा रिवाज होता आणि त्यात काही चूक नव्हतं.

प्रेमाला त्यात काही विशेष वाटलं नाही. “देवळात जाताना काढतासच मां,” ती म्हणाली, आणि पापलेट गार होतंय याची आठवण करून दिली.

शनिवारी तिर्लोटकर दफनभूमीत गेले. गुन्ह्याची जागा स्वतः जाऊन पाहावी, असा सल्ला ते नव्या वकिलांना नेहमी देत. स्वतः ते पहिल्यांदाच जात होते. फाटकापाशी त्यांचाही हात नकळत बुटाच्या नाडीकडे गेला. मग आपण सरकारी कामावर आहोत हे आठवून ते तसेच आत गेले.

आत सांतान नावाचा कबरी खणणारा साठीचा माणूस चिकूच्या झाडाखाली डबा खात होता. नळापासून तिसऱ्या रांगेतली पाचवी जागा त्याने दाखवली. कबर नंबर एकशे चौदा. मातीचा उंचवटा, प्लास्टिकची फुलं, आणि जिथे क्रूस होता तिथे एक चौकोनी खड्डा.

“क्रूस नाही?” तिर्लोटकरांनी विचारलं, आणि विचारल्यावर त्यांना तो कुठे आहे हे आठवलं.

“पोलिसांनी उपटून नेला,” सांतान म्हणाला. “त्या कोळ्याने निदान रंग तरी दिलेला.”

मग त्याने जे सांगितलं ते त्याच्या दृष्टीने इतकं साधं होतं, की घास चावता चावता सांगितलं. इथे जागा कुठे आहे, साहेब. अख्ख्या गावाला एवढंच पटांगण. जमिनीतली कबर दोन वर्षं, फार तर थोडे महिने इकडेतिकडे. मग घरच्यांना नोटीस. ते आले तर हाडं भिंतीतल्या कोनाड्यात, वर नावाची पाटी. नाही आले तर विहिरीत. मग त्याच जागी पुढचा. इनासच्या मुलाला परदेशी पत्र गेलं, उत्तर आलं नाही. तशात गेल्या उन्हाळ्यात रांग लागली होती, म्हणून इनासला मुदतीच्या थोडं आधीच काढला. मार्चमध्ये तिथे परेरा बाई आल्या.

तिर्लोटकरांनी खाली पाहिलं. माणसाला अखेर साडेतीन हात जमीन लागते आणि ती त्याच्याकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही, हे वाक्य त्यांनी भाषणांत निदान चार वेळा वापरलं होतं.

“धाकूला हे माहीत नव्हतं?”

“त्याला कोण सांगणार? तुमच्यात तर त्याच दिवशी संपवतात. आम्ही दोन वर्षं थांबतो, एवढाच फरक.” सांतानने डब्याचं झाकण लावलं. “मागची दोन वर्षं मीच त्याला ब्रश पुसायला फडकं दिलं. यंदा मी असतो तर सांगितलं असतं, बाबा, तो तुझा माणूस नाही. पण मी जेवायला गेलेलो.”

“हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नाहीत?”

“कोणी विचारलं नाही.”

विहीर मागच्या भिंतीशी होती. कठडा गुडघाभर उंच, वर दोन कड्यांचं लोखंडी झाकण, गंजून तपकिरी झालेलं. त्यावर नाव नव्हतं, नंबर नव्हता. किती लोक आहेत आत, असं तिर्लोटकरांनी विचारलं. सांतान म्हणाला, त्याच्या आजाच्या वेळेपासून आहे. मोजलं नाही कोणी.

परतताना रिक्षात तिर्लोटकरांना आपल्या वडिलांची आठवण झाली. त्यांची रक्षा कुठे सोडली होती, हे काही केल्या आठवेना. जुहूला असावी, किंवा बाणगंगेला. भावाला विचारायला हवं होतं, आणि भाऊही गेला होता.

सोमवारी त्यांनी फिर्यादीला बोलावून घेतलं. ग्लेन परेरा, बोरिवलीला राहणारा, बँकेत अधिकारी, पंचेचाळिशीचा सज्जन माणूस. एकशे चौदामध्ये त्याची आई होती. तो तयारीने आला होता. फोटो पाहिला तेव्हा आईला कोणीतरी रस्त्यात अडवून तोंडाला रंग फासावा तसं वाटलं, असं तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. तिर्लोटकरांनी विचारलं, त्याआधी कबरीवर कधी गेला होतात. ग्लेनने टेबलाच्या काचेखालचा कलमांचा तक्ता थोडा वेळ वाचला.

“एप्रिलमध्ये,” तो म्हणाला. “महिना झाल्यावरच्या प्रार्थनेला, मिस्साला. मग बँकेत जूनचं क्लोजिंग होतं, मग मुलाची बारावी.”

तिर्लोटकरांनी त्याला सगळं सांगितलं. होडी, दरवाजा, नळापासून तिसरी रांग. इनासचं नाव ऐकून ग्लेनने मान वर केली.

“इनास अंकल? ते आमच्याकडे मासळी आणायचे. मम्मीचं त्यांच्याशी एक दिवस पटलं नाही. सुरमई शिळी आहे म्हणून तिने एकदा त्यांना जिन्यावरून परत पाठवलेलं.” तो हसला, आणि हसलो याचं त्याला वाईट वाटलं. “म्हणजे मम्मीला त्यांचा रंग लागला.”

“असं दिसतं.”

“तरीपण सर, क्रूसावर असं कोणी करू नये.”

“करू नये,” तिर्लोटकर म्हणाले. “प्रश्न तुरुंगाचा आहे.”

ग्लेनने तक्रार मागे घेतली नाही. सत्तर माणसं त्याच्यामागे ठाण्यावर आली होती. त्यांना तो काय सांगणार होता. जाताना दारात थांबून त्याने विचारलं, आईचा क्रूस परत कधी मिळेल. अडीच महिने ती तशीच आहे.

त्याच दिवशी पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांचा फोन आला. आवाज प्रेमळ होता. तिर्लोटकर साहेबांना एवढा त्रास कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. दुष्ट हेतूचं कलम राहू द्यावं. त्याला शासनाची मंजुरी लागते. म्हणजे फाइल मंत्रालयात जाणार. तिथून ती येईपर्यंत तिर्लोटकर निवृत्त, निरीक्षक दुसऱ्या ठाण्याला, गाव शांत. निर्णय कोणालाच घ्यावा लागत नाही. मोठ्या कलमाचा हाच फायदा असतो.

तिर्लोटकरांना युक्तिवाद पटला. त्यांनी स्वतः तो अनेकदा केला होता.

“आणि आरोपी?” त्यांनी विचारलं.

“तो काय, म्हाताराच आहे,” निरीक्षक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिर्लोटकरांनी दार लावून घेतलं आणि मत लिहायला बसले. तीन वाक्यांची सवय असलेला हात पहिल्या पानावर अडखळला. तीन कागद फाडले. पहिल्या खर्ड्यात चुकून ‘कलमे योग्य आहेत’ असंच उमटलं होतं. अखेर दीड पान झालं. सांतानचा जबाब नोंदवावा, असं त्यांनी सुचवलं. जे कृत्य सलग दोन वर्षं त्याच जागी, त्याच हाताने, त्याच रंगाने झालं आणि कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत, ते तिसऱ्या वर्षी दुष्ट हेतूने झालं असं म्हणता येत नाही. बदलला तो हेतू नव्हे, कबरीतला माणूस. पट्ट्याचा रंग डब्यावर छापल्याप्रमाणे लिहावा. दारू ओतणं ही आरोपीच्या समजुतीप्रमाणे मृताला त्याची वाटणी देणं होतं. नुकसानीबाबत, लाकडाला तेलरंगाचे दोन हात बसल्याने त्याचं आयुष्य वाढलेलं दिसतं. आणि मग ते वाक्य, ज्यासाठी त्यांनी चौथा कागद घेतला होता: ‘आरोपीने दफनभूमीच्या फाटकाबाहेर चपला काढून ठेवल्या. विटंबना करायला जाणारा माणूस चपला काढत नाही.’

शेवटी शिफारस: सी समरी. म्हणजे गुन्हा घडल्यासारखा वाटला, पण घडला नव्हता; झाला तो गैरसमज. पोलीस असा अहवाल देतात, कोर्ट तो मान्य करतं, आणि माणूस घरी जातो. तिर्लोटकरांनी हे शब्द नोकरीत प्रथमच लिहिले.

डोंगरे मॅडमनी ते उभ्या उभ्या वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं.

“सर, मस्त लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “पण हे कोणी वाचणार नाही.”

“माहितीये.”

“साहेब वैतागणार माझ्यावर.”

“माझं मत तुमच्यावर बंधनकारक नाही,” तिर्लोटकर म्हणाले. “ते मानलं नाही, तर का मानलं नाही, हे फक्त सविस्तर लिहावं लागतं.”

डोंगरे मॅडमनी थोडा विचार केला. सविस्तर लिहायला ठाण्यात कोणाला वेळ नव्हता. निवडणुकीचा बंदोबस्त लागला होता. सी समरी दाखल झाली.

कोर्टात तीन तारखा गेल्या. चौथ्या तारखेला ग्लेन परेराने हरकत नाही असं लिहून दिलं. त्यासाठी तो अर्धा दिवस रजा टाकून आला होता. मॅजिस्ट्रेटांनी अहवाल स्वीकारला, जामिनाच्या अटी रद्द केल्या, मुद्देमाल फिर्यादीला परत द्यावा म्हणून आदेश केला. सगळं मिळून चार मिनिटं लागली. तिर्लोटकरांच्या दीड पानाचा उल्लेख झाला नाही. मॅजिस्ट्रेटांनी ते उलटताना त्याला टोचलेली टाचणी तेवढी बोटाला लागली.

बाहेर व्हरांड्यात धाकू आणि जया उभे होते. जयाने वाळवलेल्या बोंबलांची एक पिशवी आणली होती. ती तिर्लोटकरांनी नाकारली, आणि व्हरांडाभर दरवळ पसरल्याने नाकारल्याचं सर्वांना कळलं. तू आता घरी जाऊ शकतोस, असं त्यांनी धाकूला सांगितलं. धाकूने मान हलवली. तो अजून त्याच्या प्रश्नाच्या उत्तराची वाट बघत होता.

“इनास विहिरीत आहे,” तिर्लोटकर म्हणाले. “मागच्या भिंतीशी.”

“पाण्याच्या?”

“नाही. कोरडी आहे. हाडं ठेवतात त्यात.”

जयाने त्याच्या दंडाला धरलं.

“येकटाच हाय?”

“नाही. पुष्कळ लोक आहेत.”

“मंग बरा,” धाकू म्हणाला. “त्याला येकटा ऱ्हायाला जमत नसे. होरीवर पन रातभर बरबरत ऱ्हायचा.” मग त्याने बाकाखालून चपला काढल्या, पायांत घातल्या आणि मुलीच्या पुढे जिना उतरून गेला. गच्चीला कुलूप लागल्यापासून इतक्या भराभर तो चालला नव्हता, असं जयाने नंतर सांगितलं.

मार्चअखेर तिर्लोटकर निवृत्त झाले. निरोप समारंभात एका वक्त्याने त्यांच्या निःस्पृहपणाचा उल्लेख केला, दुसऱ्याने वक्तशीरपणाचा. दीड पानाबद्दल कोणाला माहीत नव्हतं, आणि तिर्लोटकरांनी सांगितलं नाही. घरी आल्यावर त्यांनी शोकेसमधला सेट काढून त्यात चहा करायला सांगितलं. दोन कपांना आतून तडे गेलेले निघाले.

ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, डोंगरे मॅडमचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. खाली दोन शब्द होते: ‘सर, पुन्हा.’

तिर्लोटकरांनी चष्मा लावला. फोटोत विहिरीचं झाकण होतं. गंज घासून काढलेला. गडद निळा रंग, कडेने नारिंगी पट्टा, दोन्ही कड्या पांढऱ्या. कुठे ओघळ नव्हता. कोपऱ्यात फाटक दिसत होतं आणि फाटकाशेजारी, भिंतीला लागून, जोडून ठेवलेल्या चपला.

त्यांनी लगेच फोन लावला. कोणतं कलम लागेल, कोणतं लागणार नाही, हे त्यांच्या डोक्यात आधीच जुळू लागलं होतं. नवे आकडे आता पाठ झाले होते. तक्रार कोणी दिली, असं त्यांनी विचारलं.

“कोणीच नाही, सर,” डोंगरे मॅडम म्हणाल्या. “फोटो सांतानने पाठवला. चर्चच्या ग्रुपवर पण टाकलाय त्याने. कोणी काही बोललं नाही.”

परेरा बाईंचा क्रूस न्यायला ग्लेन अजून आला नव्हता, हेही त्यांनी सांगितलं. तो मुद्देमालाच्या खोलीत होता आणि एकशे चौदाची मुदत येत्या मार्चमध्ये संपत होती.

विहिरीबद्दल तक्रार आली नाही. तिथल्या लोकांना भेटायला कोणी येत नाही.